चहातलं मीठ

"'...तिनं चहात साखरेऐवजी मीठ टाकलं होतं, आणि पाहुणी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.'"

उमाठे सरांनी हे वाक्य वाचलं आणि मी पेन खाली ठेवलं. कारण हे मीठ माझं होतं. आणि सर वाचत होते ती गोष्ट माझी नव्हती!

थांबा, असं माझ्या तोंडाकडे बघू नका, नीट सांगते. एम.ए.चं दुसरं वर्ष, नागपूर. आम्हाला एक नवा पेपर लागला होता, 'समकालीन आंतरसांस्कृतिक साहित्य आणि सर्जनशील लेखन'. एवढं नाव घ्यायला कोणाला वेळ आहे? आम्ही म्हणायचो क्रॉसवाला पेपर. एका देशात जन्मून दुसऱ्याच देशात राहणाऱ्या लोकांच्या गोष्टी वाचायच्या, आणि परीक्षेत त्यांच्यावर निबंध न लिहिता स्वतःच गोष्ट लिहायची. सरांचा एक लाडका प्रकार होता, वेषांतर. आपल्या घरातली एक खरी गोष्ट घ्यायची आणि तिचे सगळे कपडे बदलायचे. गाव बदला, जात बदला, धंदा बदला, वस्तू बदला. सर म्हणायचे, "हाडं तेवढी तुमची ठेवा, बाकी सगळं परक्याचं. मग कळेल परका म्हणजे काय ते." सगळ्यांनी एकाच संध्याकाळी गोष्टी मेल करायच्या, सर नाव न सांगता एकेक वाचणार, आणि ज्याची गोष्ट असेल त्यानं मख्ख चेहऱ्यानं बसायचं.

मागच्या मंगळवारी माझी वाचून झाली होती. मी मख्ख बसले होते. माझ्या गोष्टीत कोकणातलं गाव होतं. दर उन्हाळ्यात तिथं एक लोहारीण गाडी घेऊन यायची, विळे-खुरपी विकायची. गावातल्या एका बाईशी तिची मैत्री होते. बाई पहिल्यांदा चहा करते तो मीठ घालून, चुकून. लोहारीण काही न बोलता पिते. पुढं एक दिवस घरातलं पिढीजात घंगाळ गायब, लोहारीणही गायब. पुढच्या वर्षी ती परत दारात येते, आणि दार तिच्या तोंडावर बंद होतं.

आणि आज सर वाचत होते ती गुजरातेतल्या एका गावातली. सुकट विकणारी कोळीण, एका शेटाणीशी मैत्री, चहात मीठ, शेटाणी कोळणीची नथ ठेवून घेते, कोळीण पुढच्या वर्षी जाते तर दार बंद. आणि त्याआधी, कोळीण निघत असताना शेटाणी म्हणते, "परत येशील तेव्हा दार मीच उघडीन."

हे वाक्यसुद्धा माझ्या गोष्टीत होतं. शब्द न् शब्द!

"सर," अंकुश झाडे मागून बोललाच. अंकुश म्हणजे आमचा सी.आर., त्याला कुठंही काही जळल्याचा वास आधी येतो. "ही गोष्ट मागच्या मंगळवारी झाली ना? तेव्हा लोहारीण होती, आता कोळीण झाली. मीठ मात्र तेच आहे."

सगळे हसले. सर नाही हसले. त्यांनी कागद खाली ठेवले, चष्मा काढला आणि स्वतःचाच नियम मोडला. "ही कोणाची?"

माझ्या शेजारचा हात वर गेला. देचेनचा.

"आणि मागची?"

मी हात वर केला.

"तुम्ही दोघी एकाच खोलीत राहता ना?" सर म्हणाले.

"झालं मग," अंकुश म्हणाला.

देचेन कोण ते सांगायचं राहिलंच. देचेन तिबेटी. तिबेटी म्हणजे, जन्म इथलाच, गोंदियाकडच्या तिबेटी वसाहतीतला. तिचे आजी-आजोबा तिकडून चालत आलेले. मराठी माझ्यापेक्षा फर्राटेदार, "काहून वं" शिवाय वाक्य सुरू नाही. पहिल्या दिवशी खोलीत आली तेव्हा तिच्या ट्रंकेतून सगळ्यात आधी निघाली एक जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली गोधडी. हिरवी, तांबड्या काठांची. एका कोपऱ्यात चिमणी भरलेली, तिला एकच पाय. मी विचारलं, "ही लंगडी का?" तर म्हणाली, "माहीत नाही. मी जन्मले तेव्हापासून लंगडीच आहे." तेव्हापासून आम्ही त्या गोधडीला लंगडीच म्हणायचो. "लंगडी दे ना, थंडी वाजतेय." इतकं आमचं जमायचं.

आणि त्या मंगळवारपासून आम्ही खोलीत दोन चोरांसारख्या राहायला लागलो. म्हणजे मला ती चोर, तिला मी.

सरांनी दोघींना बाहेर बोलावून सांगितलं होतं, "शनिवारी केबिनमध्ये या. कोणी कोणाची घेतली तेवढं सांगा. एकीनं कबूल केलं तर दुसरी वाचेल. नाहीतर मला दोघींचाही पेपर रद्द करावा लागेल." पेपर रद्द म्हणजे वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं असतं तर बाबांनी मला दुसऱ्या दिवशी वणीला नेऊन काकांच्या मेडिकलच्या काउंटरवर बसवलं असतं. तसं आधीच ठरलेलं होतं, एम.ए. म्हणजे त्यांच्या दृष्टीनं माझं शेवटचं नाटक. देचेनचं तर आणखी अवघड, तिची फी वसाहतीच्या संस्थेकडून यायची. नापास झाली तर ती बंद.

खोलीत शिरल्याबरोबर तिनं दार लावलं. "माझे फोन ऐकतेस?"

"तुझे फोन? तू आईशी तिबेटीत बोलतेस बाई! मला त्यातलं 'अमा' सोडून काय कळतं?"

"मग मीठ कुठून आणलं?"

"माझ्या घरून! तू कुठून आणलं? माझा लॅपटॉप उघडाच असतो टेबलावर."

"तुझ्या लॅपटॉपले मी हात नाही लावत."

"परवा चार्जर कोणी काढला मग?"

"पंखा लावायचा होता वं!"

बघा, भांडणाची पातळी! पण मला खरंच शंका यायला लागली. ती पोरगी मागच्या मंगळवारी, माझी गोष्ट चालू असताना, एकदम पाण्याची बाटली घेऊन बाहेर गेली होती. का गेली? मी लॅपटॉपचा पासवर्ड बदलला. ती फोन उशीखाली घेऊन झोपायला लागली. मी अंघोळीला जाताना कपाटाला कुलूप लावलं, तर तिनं ते बघितलं आणि आल्यावर मला दिसेल असं स्वतःच्या कपाटालाही लावलं. मेसमध्ये अंकुश येऊन माझ्या कानात म्हणाला, "हे लोक सीझनभर दुकान लावतात आणि निघून जातात. तुझी गोष्ट पण नेली असेल." मी त्याला म्हटलं, "तू जेव." पण खोटं कशाला बोलू, ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. कारण...

कारण आमच्या घरातली खरी गोष्ट तीच होती. म्हणूनच तर मी ती देचेनला कधी सांगितली नव्हती. तिबेटी मैत्रिणीला कसं सांगणार, की एका तिबेटी बाईनं आमच्या घरात चोरी केली?

शनिवार. सरांची केबिन म्हणजे पुस्तकांच्या मधे एक खुर्ची. अंकुश साक्षीदार म्हणून हजर, त्याला कोणी बोलावलं होतं देव जाणे. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता उभ्या.

"कोणी कबूल करतंय?" सर म्हणाले.

दोघींनी नकारार्थी माना हलवल्या.

"मग वेष उतरवा. जुई, तू आधी. कोकण खोटं, लोहारीण खोटी. खरं काय?"

मी देचेनकडे बघितलंच नाही. सरळ सुरू केलं. "सर, खरं गाव वणी. गोष्ट माझ्या मोठ्या आईची. मोठी आई म्हणजे माझी मोठी काकू. दर हिवाळ्यात टाकीखाली तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागायची. त्यातल्या एका बाईशी तिची मैत्री झाली. ती बाई दुपारी आमच्या मागच्या दारी येऊन बसायची. आणि एका वर्षी ती आमच्या घरातली गोधडी घेऊन गेली. माझ्या पणजीच्या लुगड्याची होती, नातवंडासाठी आजीनं ठेवलेली. मी जन्मले तेव्हा आजी रडली होती म्हणे, की पोरीला घालायला घरची गोधडी नाही. ती बाई पुढच्या वर्षी परत दारात आली, तर आजीनं तिला शिव्या घालून हाकललं. मोठी आई ही गोष्ट नेहमी शिलाई मशीनवर बसून सांगते. 'ती चोरटी' असंच म्हणते. पण सांगते इतक्या प्रेमानं की चोराची गोष्ट चाललीय असं वाटतच नाही."

मी थांबले. देचेन माझ्याकडे बघत होती. "टाकी कसली?"

"पाण्याची."

"तुझ्या मोठ्या आईचं नाव काय?"

"तारा. पण सगळे बेबीताईच म्हणतात."

देचेन मटकन अंकुशच्या शेजारच्या पुस्तकांच्या ढिगावर बसली. ढीग कोसळला. कोणी उचलला नाही.

"सर," ती म्हणाली, "माझ्या गोष्टीतली शेटाणी म्हणजे मराठी बाई. कोळीण म्हणजे माझी अमा. अमा त्या गावाचं नाव घेत नाही, टाकीखालचं गाव म्हणते. नथ नव्हती ती. पांगदेन होता, आमच्या लग्न झालेल्या बाया कमरेला बांधतात तो पट्ट्यापट्ट्यांचा. असा कोणाला द्यायचा नसतो. आजीनं लग्नात अमाले बांधला होता. तो त्या बाईनं ठेवून घेतला. अमा पुढच्या वर्षी गेली, तर दारातूनच हाकललं." मग माझ्याकडे वळून, "आणि हे मी तुला सांगितलं नाही, काहून की तू मराठी. रोज माझ्यासोबत जेवतेस. कसं सांगू?"

"बाईचं नाव?" सरांनी विचारलं.

"बेबीताई."

अंकुशनं तोंड उघडलं आणि, आयुष्यात पहिल्यांदा असेल, तसंच ठेवलं.

आता तुम्हाला वाटेल आम्ही गळ्यात पडलो. हॅट! माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला सांगू? लंगडी. सव्वा वर्ष रोज सकाळी माझ्या डोळ्यांसमोर घडी होणारी. "म्हणजे तुझ्या बेडवरची गोधडी आमची आहे!"

"आणि अमाचा पांगदेन तुमच्या घरात आहे!"

"आमच्या घरात काही नाहीये. चोरी आमच्याकडे झाली!"

"आमची अमा चोर नाही!"

"माझी मोठी आई पण नाही!"

"अरे, फोन लावा ना कोणीतरी!" हे अंकुश ओरडला. बघा, एवढं एक पुण्य त्याच्या नावावर आहे.

मी व्हिडिओ कॉल लावला. मोठी आई मशीनवरच होती, नेहमीसारखी, आधी फोन कानाला लावून. "मोठी आई, फोन समोर धर."

"काय वं जुई? जेवली का?"

"मोठी आई, ती गोधडी होती ना, चोरीला गेलेली. ती कशी होती?"

मशीन थांबली. "काहून?"

"सांग ना."

"हिरवी. तांबडे काठ." फोन मशीनला टेकवत म्हणाली, "कोपऱ्यात चिमणी होती. एका पायाची. दुसरा भरायचा राहून गेला माझ्या हातून."

मी फोनवरून मान वर केली. देचेन माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होती, पण तिचं मोठ्या आईकडे लक्षच नव्हतं. "ते मागं काय आहे? खिडकीत?"

मागं खिडकीच्या गजांवर मशीनचा झाकणा, म्हणजे मशीनवर टाकायचं कापड, धुऊन वाळत घातला होता. लहानपणापासून बघतेय मी तो. लाल, हिरवे, निळे, पांढरे बारीक आडवे पट्टे. मोठी आई शिवायला बसण्याआधी त्याची घडी घालून मांडीवर ठेवते, संपलं की परत मशीनवर. मी कधी विचारलंच नाही हे कापड कुठलं. मशीनचा झाकणा तो मशीनचा झाकणा!

"जुई, तुझ्या मागं कोण पोरगी आहे?" मोठ्या आईचा आवाज बदलला होता.

"माझी मैत्रीण. देचेन. तिची आई टाकीखाली स्वेटर विकायची."

तिनं फोन जवळ ओढला, स्क्रीनवर नुसती तिची हनुवटी. मग म्हणाली, "यांकीची पोरगी हो का तू?"

देचेननं स्वतःचा फोन काढला, लावला, तिबेटीत भराभर काहीतरी बोलली आणि तो माझ्या फोनसमोर धरला. दोन फोन समोरासमोर, मधे सरांचं टेबल. एकीकडे मोठी आई, दुसरीकडे गोल चेहऱ्याची, पांढऱ्या वेण्यांची एक बाई.

पहिले त्या बाई बोलल्या. मराठीतच, थोडं अडखळत. "बेबीताई. घरी काय सांगितलं होतं?"

"तू चोरली म्हणून," मोठी आई म्हणाली. "तू?"

"तू ठेवून घेतला म्हणून."

आणि दोघी हसायला लागल्या! अहो, म्हणजे अशा हसायला लागल्या की एकीला खोकला आला. आम्ही चौघं बघतच राहिलो.

"मोठी आई, हे काय चाललंय?"

"अवं, आमचं ठरलंच होतं तसं!" डोळे पुसत ती म्हणाली. "यांकीला दिवस गेले होते. त्या कापडाच्या पालातल्या दुकानात झोपायची, एवढ्या थंडीत. माझ्याकडं गोधडी नुसती पडून होती ट्रंकेत. मले कोण होतं पांघरायले? तिसऱ्यांदा रिकामी झाली होती कूस माझी. पण दिली म्हटलं असतं तर सासूबाईंनी जिवंत ठेवलं नसतं मले. मग मीच म्हटलं, यांकी, तू घेऊन जा, मी सांगते चोरीला गेली. तर ही बया म्हणते, तशी नाही नेणार. कमरेचं सोडलं आणि मले बांधलं."

"आणि माझ्या सासूले मी काय सांगणार?" यांकीबाई म्हणाल्या. "मग बेबीताई म्हणाली, सांग माझं नाव. मी चोर, तू चोर. बरोबर."

"आणि मीठ?" अंकुशनं विचारलं. त्याला मिठाचं लागलंच होतं.

"ते खरंच चुकलं होतं बाप्पा," मोठी आई म्हणाली. "एकाच आकाराचे डबे."

"मला वाटलं, माझ्यासाठी मुद्दाम टाकलं," यांकीबाई म्हणाल्या. "आम्ही घरी मिठाचाच चहा पितो. तीन महिने नव्हता मिळाला. म्हणून सगळा प्यायले."

मग यांकीबाईंनी हळूच विचारलं, आणि हे त्यांनी हसत नाही विचारलं, "पुढच्या हिवाळ्यात मी आले होते, बेबीताई. पोरगी दाखवायला. पाठीवर होती, शालीखाली, तुझ्याच गोधडीत. दार तू उघडणार होतीस."

मोठी आई खाली बघत होती. तिचा हात मशीनच्या चाकावर होता.

"सासूबाई ओरडत होत्या, ते सगळं मला ऐकू येत होतं," ती म्हणाली. "बाहेर आले असते तर सगळंच कळलं असतं. गोधडी मागून घेतली असती तुझ्याकडून, पोरीच्या अंगावरची. मी इथंच बसून होते यांकी. पायडलवरचा पाय नाही उचलला गेला माझ्याच्यानं."

 देचेननं माझ्या ओढणीला नाक पुसलं. मी ओढणीचं दुसरं टोकही तिच्याकडे सरकवलं.

फोन बंद झाल्यावर सरांनी चष्मा पुसला, घातला, परत काढला. "हे सगळं ठीक आहे," ते म्हणाले, आवाज काही ठीक नव्हता, "पण मला विभागात काहीतरी सांगावं लागेल. शेवटी कोणी कोणाची गोष्ट घेतली?"

मी देचेनकडे बोट दाखवलं. तिनं माझ्याकडे. एकाच वेळी, एकाच सुरात, "हिनं!"

सरांनी दोन्ही गोष्टी स्वतंत्र म्हणून पास केल्या. मला देचेनपेक्षा तीन मार्क जास्त, ते ती आजही मला चोरलेलेच म्हणते.

पण गोष्ट तिथं नाही संपत. त्याच वर्षी हिवाळ्याच्या सुट्टीत मी वणीला, आणि एका सकाळी देचेनचा मेसेज, 'अमाले घेऊन निघाले.' आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मोठी आई सकाळपासून मशीनवर, वर्षानुवर्षांचे फाटलेले उशांचे अभ्रे काढून बसलेली, जणू आजच जगबुडी आहे. मांडीवर पट्ट्यांची घडी. गॅसवर चहाचं पाणी, आणि ओट्यावर साखरेच्या डब्याशेजारी मिठाचा डबा, दोन्हीची झाकणं उघडी. मी एक झाकण लावायला गेले तर म्हणाली, "राहू दे."

बेल वाजली. मी उड्या मारतच निघाले.

"जुई!" मोठी आई ओरडली, लहानपणी ओरडायची तशी. मशीनची घरघर थांबली होती. "बस खाली. दार मी उघडते."